न उजाडलेल्या तारखेची चिठ्ठी

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला प्रमोद देवरे शैलजाताईंच्या केबिनमध्ये शिरले ते दार न वाजवता. अकरा वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं. त्यांच्या मुठीत लहान मुलाचं एक झबलं होतं. ते त्यांनी टेलिफोन बोर्डावर ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे माझ्या टेबलावर कोणी ठेवलं?"

मसाटच्या त्या सुताच्या कारखान्यात प्रमोद प्रॉडक्शन मॅनेजर होते, नाशिकचे. शैलजाताई गेटजवळच्या केबिनमधल्या टेलिफोन ऑपरेटर, मूळच्या डहाणूच्या. मालकापासून माळ्यापर्यंत सगळ्यांचे फोन त्यांच्या बोटांखालून जात. कोणाची सासू आजारी, कोणाचं मन दुसऱ्या नोकरीकडे, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. पण या कानाचं त्या कानाला करणं त्यांना माहीत नव्हतं. ही एकच गोष्ट त्या गर्वाने मिरवत, आणि तसा त्यांना हक्कही होता.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या.

"कारण तुमच्याशिवाय कोणाला माहीतच नाही." प्रमोद खुर्चीवर बसले. "पुण्याच्या संस्थेला मी एकच फोन केला होता, तुमच्या बोर्डावरून."

ते खरं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी प्रमोद आणि वासंतीला मूल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, पाळणासुद्धा आणला. ऐन वेळी ते फिसकटलं. मग महिनाभर कॉलनीतल्या बायका सांत्वनाला येत राहिल्या, आणि वासंतीला मूल न मिळाल्यापेक्षा त्या सांत्वनाचाच जास्त त्रास झाला. या वेळी तिने नवऱ्याला बजावलं होतं की बाळ घरात येईपर्यंत कोणालाही कळता कामा नये. येत्या शनिवारी संस्थेच्या बाई घर बघायला येणार होत्या.

"पलीकडून संस्थेचं नाव आलं ते मी ऐकलं," शैलजाताई म्हणाल्या. "मग रिसीव्हर ठेवला. सांगितलं कोणाला नाही."

"बाकी सगळं मी कॉम्प्युटरवर केलं. त्यात काही उरत नाही. तुमच्या भिंतीवरच्या पाटीप्रमाणे फोनची तार मी स्वतः काढली होती." प्रमोदनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "वासंती म्हणते, बोभाटा झालाच आहे, तर शनिवारी येऊ नका म्हणून कळवते. बुधवारी संध्याकाळी फोन करणार आहे. तुमच्याच बोर्डावरून."

ते गेले. झबलं बोर्डावरच राहिलं.

२

कारखान्यात इंटरनेट एकाच कॉम्प्युटरवर होतं, आणि तो शैलजाताईंच्या केबिनमध्ये होता, कारण फोनची मोकळी लाईन तिथेच होती. मागच्या पावसाळ्यात वीज पडून एक मोडेम जळला, तेव्हापासून भिंतीवर त्यांच्या गोल अक्षरात पाटी होती: काम झालं की तार काढा. सगळे इमानेइतबारे तार काढत. फोन ठेवला की बोलणं संपतं, तशी तार काढली की इंटरनेट संपतं, अशी सगळ्यांची समजूत होती. शैलजाताईंचीही.

त्यांनी झबलं नाकाशी नेलं. डांबरगोळ्यांचा वास आला. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि आतल्या कोपऱ्यात लाल धाग्याने आकडा भरलेला: तेवीस.

कॉलनीत कोणाकडे पाळणा हलला की झबली शिवायचं काम बायडाबाईचं. तिचा नवरा आबा कँटीन सांभाळायचा. दोघंही शिरपूरकडची. संशय घ्यायचा तर पहिला तिचाच, म्हणून दुपारी शैलजाताई पिशवीत झबलं घालून कँटीनमागच्या खोलीत गेल्या. कोणाचं ते न सांगता त्यांनी ते पुढे केलं.

बायडाबाईने चष्मा नसताना नुसत्या बोटांनी ते वाचलं. "हाई मना हातनं काम नही, ताई. मी मशीनवर शिवस. हाई हातशिलाई शे, आन् जुनं शे. पंचवीस वरीसनं तरी."

"आणि हा नंबर?"

"तेच तं. घरमा एक-दोन पोरं ऱ्हातस, त्यास्ना कपडास्वर नंबर कोन टाकस? जठे पन्नास पोरं एकाच ठिकाने, तठे नंबर लागस. कोनतं कोनानं ते समजाले पायजे ना."

शैलजाताईंनी झबलं पुन्हा नीट बघितलं. पन्नास पोरं एका ठिकाणी. म्हणजे वसतिगृह, किंवा अनाथाश्रम. आणि संस्था काही आपल्याकडचे जुने कपडे मसाटला टपालाने पाठवत नसेल.

निघताना आबा चहाचा कप घेऊन आडवा आला. "ताई, एक इचारू? मयूरभाऊ माले काम्पुटरवर किरकेटनं पान दावस ना, तेच्यावर आठ दिवसपाईन बाळनी पावडरनी जाहिरात येस. पह्यले दाढीना साबणनी ये. किरकेट पाहेणाराले बाळनी पावडर कशाले?"

"तू विचारलं नाहीस मयूरला?"

"इचारं. तो हसना, पन लगेच पान बंद करी टाकं."

३

मयूर राऊळ कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारा, सव्वीस वर्षांचा, डोंबिवलीचा. त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नसे, आणि त्याचं थट्टेशिवाय. नवीन शतक लागलं की जगातले कॉम्प्युटर गोंधळणार म्हणून तो महिनाभर एकेक मशीन तपासत होता. शैलजाताई त्याला मुलासारखा मानत, त्यामुळे त्याचे लाड करत आणि त्याला बोलतही.

तो केबिनमध्ये आला आणि आधी डबा पुढे केला. "घ्या ताई, चकली. काल घरून आणली. आईने तुमच्या नावाने वेगळी बांधून दिली."

"चकली नंतर. मला सांग, या मशीनवर कोणी काय बघितलं, ते मागाहून दुसऱ्याला कळू शकतं का?"

"छे हो. तार काढली की विषय संपला. तुमच्या पाटीवरच लिहिलंय."

"आणि क्रिकेटच्या पानावर बाळाची पावडर कशी आली?"

"जाहिरातवाले हो. कोणाला काहीही दाखवतात." बोलता बोलता त्याचा हात बोर्डावरच्या झबल्याकडे गेला. त्याने ते उचललं, दोन्ही बाह्या आत घेतल्या, खालची कड वर दुमडली, नंबराचा कोपरा आत घातला आणि चौकोनी घडी करून जागेवर ठेवलं. बघितलं मात्र एकदाही नाही.

शैलजाताई म्हणाल्या, "कोणाचं आहे ते विचारलं नाहीस."

"तुमच्याकडे कायकाय येतं. मी विचारत बसू का?" तो हसला, पण रोजच्यासारखं नाही. "बरं, हे मशीन नव्या शतकासाठी तयार आहे हां. मागच्या मंगळवारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा तपासलं. नव्या शतकात नेऊन परत आणलं."

"आठवतं. मी आले तेव्हा भरदुपारी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ मध्यरात्र दाखवत होतं."

"तेच ते. मग नीट केलं," म्हणून तो डबा तिथेच विसरून गेला. चकल्या विसरणारा मयूर शैलजाताईंनी याआधी बघितला नव्हता.

त्यांनी ठरवलं की ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याच्या एकट्याच्या शब्दावर राहायचं नाही. इंटरनेट बंद पडलं की सुरतच्या ज्या नंबरवर तक्रार करायची, तो त्यांना पाठ होता. पलीकडे छाया असायची, नगरची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण दोन वर्षांत एकमेकींचं सर्दी-पडसं आवाजावरून ओळखू लागल्या होत्या.

"छाया," त्या म्हणाल्या, "तार काढली की सगळं पुसलं जातं ना ग?"

"कोण म्हणालं तुम्हाला असं?"

४

"तार काढली की बोलणं थांबतं, ताई. चिठ्ठी खिशात राहते."

"कसली चिठ्ठी?"

"तुम्ही एखाद्या साइटवर गेलात की ती तुमच्या मशीनमध्ये एक छोटीशी चिठ्ठी ठेवते. इंग्रजीत कुकी म्हणतात. म्हणजे बिस्किट, आणि का म्हणतात ते मला विचारू नका. तिच्यावर बहुतेक नुसता आकडा असतो. सायकल स्टँडवाला बिल्ला देतो ना, तसं समजा. वही त्याच्याकडे, बिल्ला तुमच्याकडे. पुढच्या खेपेला मशीन आपणहून तो बिल्ला दाखवतं, साइट वहीत बघते आणि म्हणते, या या, अमुकराव, तुमचं मागचं काम इथवर आलं होतं."

"पण समोर अमुकराव नसून तमुकराव बसला असेल तर?"

"तिला माणूस दिसत नाही. बिल्ला दिसतो."

शैलजाताईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. कारखान्यात चाळीस माणसं ते एकच मशीन वापरत होती. म्हणजे सगळ्या कारखान्याचा खिसा एकच, आणि प्रत्येक जण त्यात आपला बिल्ला टाकून निर्धास्त घरी जात होता.

"आणि जाहिराती ग? एका पानावर बाळाचं वाचलं तर क्रिकेटच्या पानावर बाळ कसं येतं?"

"ती चिठ्ठी पानवाल्याची नसते, पानवाल्याच्या ओट्यावर बसलेल्या जाहिरातवाल्याची असते. तोच माणूस हजार ओट्यांवर बसलेला. तुम्ही कुठल्या कुठल्या दारात गेलात, हे तो आपल्या बिल्ल्यावरून जुळवतो. नाव ठाऊक नसलं तरी तुमची आवड त्याला कळते."

"म्हणजे चौकातला पानवाला बरा. तो निदान समोर बसून चौकशा करतो." त्यांनी पेन्सिल टेकवून विचार केला. "एक सांग. एका साइटचा बिल्ला दुसऱ्या साइटला दिसतो?"

"नाही. ज्याचा बिल्ला त्यालाच."

मग छायाने कॉम्प्युटरमधली ती जागा कुठे असते ते पायरीपायरीने सांगितलं. प्रत्येक चिठ्ठीच्या नावात साइटचं नाव, आणि शेजारी ती शेवटची कधी बदलली त्याची तारीख आणि वेळ.

मंगळवारी सकाळी शैलजाताईंनी केबिनचं दार लावून ती जागा उघडली. शंभरावर चिठ्ठ्या होत्या. दुबईच्या नोकऱ्या. पत्रिका जुळवणं. टक्कल असलेल्यांना केस आणून देणारी एक साइट, आणि कारखान्यात तशी गरज मालकांखेरीज कोणाला नव्हती. त्यांना हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. अकरा वर्षं त्यांनी रिसीव्हर वेळेवर खाली ठेवला होता, आणि इथे सगळ्या कारखान्याचा रिसीव्हर कायमचा उचलून ठेवलेला होता. बाकीच्या नावांवर त्यांनी हात आडवा धरला आणि पुण्याच्या संस्थेची तेवढी ओळ शोधली.

ओळ सापडली. शेजारी तारीख होती एक जानेवारी दोन हजार, रात्री बारा वाजून सव्वीस मिनिटं.

भिंतीवरचं कॅलेंडर चौदा डिसेंबर एकोणीसशे नव्व्याण्णव दाखवत होतं.

५

न उजाडलेल्या दिवशी त्या संस्थेच्या दारात कोण जाऊन आलं?

आबाने कपबशी ठेवली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चहावर साय धरली आणि मग त्यांना मागच्या मंगळवारचं घड्याळ आठवलं. कारखान्यात एकच माणूस नव्या शतकात जाऊन आला होता, तोही जेवणाच्या सुट्टीत. घड्याळ पुढे नेलं, बारा वाजून गेले, मशीन धड चाललं, आणि काटे मागे घ्यायच्या आधी तो इंटरनेटवर कुठेतरी गेला. चिठ्ठीने बिचारीने मशीनच्या घड्याळात होती तीच वेळ लिहून घेतली.

पण तेवढ्याने भागत नव्हतं. संस्थेचा बिल्ला फक्त संस्थेलाच दिसतो. म्हणजे मयूर क्रिकेट बघताना चुकून प्रमोदांचं गुपित त्याच्या पुढ्यात आलेलं नाही. तो मुद्दाम त्याच दारात गेला होता. सव्वीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या पोराचं अनाथ मुलांच्या संस्थेत काय काम?

त्यांनी घडी घातलेलं झबलं उलगडलं. पंचवीस वर्षांचं जुनं कापड. डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून आलेलं. तो रविवारी घरून परतला, झबलं सोमवारी टेबलावर आलं. न बघता घातलेली घडी. आणि ज्याला सगळं कळतं त्याने सांगितलेलं एक साधं खोटं.

चोर सापडला होता आणि त्याला पकडावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी त्या मयूरच्या खोलीत गेल्या, दार ओढून घेतलं, त्याच्यासमोर बसल्या आणि प्रमोद सोमवारी काय बोलून गेले ते सांगितलं.

"मयूर," त्यांनी हळूच विचारलं, "तेवीस नंबर तुझाच ना रे?"

मयूरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ तो पुसायचं फडकं शोधत राहिला, आणि ते त्याच्या हातातच होतं.

"अठरा वर्षांचा झालो तेव्हा आईने सांगितलं," तो म्हणाला. "त्या साइटवर संस्थेच्या व्हरांड्याचा फोटो आहे. मी कधी कधी बघतो. बाकी काही नाही, नुसता व्हरांडा. त्या दिवशी पान उघडलं आणि वर आलं, पुन्हा स्वागत प्रमोद आणि वासंती, घरभेट अठरा डिसेंबर. मी लगेच बंद केलं, ताई. पण वाचलं ते वाचलं."

"आणि झबलं?"

"मला वाटलं, काही बोलू नये, नुसतं ठेवावं. त्यांना बरं वाटेल. एवढा गहजब होईल असं वाटलंच नाही." त्याने मान खाली घातली. "मग तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरलो. इथे कोणाला माहीत नाही. लग्न ठरेपर्यंत सांगू नकोस, असं आई म्हणते."

"माझ्याकडून कोणाला कळणार नाही."

"पण आळ तुमच्यावर आलाय."

"माझं मी बघेन," शैलजाताई म्हणाल्या. कसं बघणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

६

बुधवारी पाच वाजता त्या कॉलनीत देवऱ्यांच्या घरी गेल्या. वासंतीने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. शैलजाताई आपणहून बसल्या आणि झबलं मांडीवर ठेवलं.

"वासंती, हे ज्याने ठेवलं तो मला कळलाय. त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. बोभाटा झालेला नाही. तू शनिवारचं रद्द करू नकोस."

"कोण आहे?"

"ते नाही सांगणार."

"का?"

"तुझं गुपित जसं तुझं, तसं त्याचं त्याचं."

वासंती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "नाव नाही, गाव नाही. मग ते तुम्हीच केलंत असं मी का समजू नये, ताई?"

"तसं समज," शैलजाताई म्हणाल्या. अकरा वर्षांची कमाई त्यांनी त्या दोन शब्दांत खाली ठेवली, आणि ते त्यांना फार लागलं. "माझ्यावर राग धर हवा तर. बाळावर काढू नकोस."

त्या उठल्या तर दारात मयूर उभा होता. चपला हातात घेऊन. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"वहिनी, ते माझं आहे," तो म्हणाला. "म्हणजे, मीच घालायचो. तेवीस नंबर."

वासंतीला समजायला वेळ लागला. मग तिने शैलजाताईंच्या हातातून झबलं घेतलं आणि लाल आकड्यावर अंगठा ठेवला. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, ती कोणी मोजली नाही.

"नवं का नाही ठेवलंस?" तिने शेवटी विचारलं. "लोक नवं देतात."

"नवं कोणीही देईल. मला पुण्याहून आणलं तेव्हा अंगावर एवढंच होतं. आई दर दिवाळीत उन्हात टाकते, घडी घालते, पुन्हा ट्रंकेत. शनिवारी मी मागितलं. कोणासाठी ते तिने विचारलं नाही, नुसतं दिलं."

"लोक काय म्हणायचे रे तिला?"

"म्हणायचे काहीबाही. ती दुपारी दार लावून माझ्याशेजारी झोपायची. अजून झोपली की घोरते."

वासंती हसली आणि हसता हसता रडली. मग ती शैलजाताईंच्या पायाशी वाकायला लागली, त्यांनी तिला वरच्यावर धरलं.

"ताई, पुण्याला फोन लावायचा होता ना," ती म्हणाली, "तो राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मयूरने मशीनमधल्या चिठ्ठ्या कशा काढायच्या ते शैलजाताईंना शिकवलं. एकही नाव न वाचता त्यांनी सगळ्या काढल्या, मालकांच्या केसांसकट. पाटीवर एक ओळ वाढली: काम झालं की तार काढा. चिठ्ठ्याही काढा. आबाला क्रिकेटच्या पानावर पुन्हा दाढीचा साबण दिसू लागला.

७

मार्चमधल्या एका दुपारी बोर्डावर बाहेरची लाईन वाजली. पलीकडच्या बाईंनी संस्थेचं नाव सांगितलं आणि देवऱ्यांचं घर मागितलं. शैलजाताईंनी कॉलनीतल्या चौदा नंबरला जोडलं.

"वासंती, पुण्याहून फोन आहे. देते ग," त्या म्हणाल्या, आणि नेहमीसारखा रिसीव्हर कानापासून दूर नेला.

"ताई," वासंतीचा आवाज आला, "ठेवू नका. तुम्हीपण ऐका."

त्यांनी रिसीव्हर परत कानाशी धरला. सवय नसल्याने तो हातात जड लागला. पुण्याच्या बाई सांगत होत्या, मुलगी आहे, पाच महिन्यांची, न्यायला कधी येता? त्यांच्यामागे कुठेतरी व्हरांड्यात एक मूल जोरजोरात रडत होतं.

शैलजाताईंनी पदराने डोळे पुसले, आणि दुसरी लाईन वाजत होती ती तशीच वाजू दिली.